मधोमध म्हणजे नेमकं कुठं?

मान दुखणाऱ्या माणसाची तपासणी तो खोलीत शिरतो तिथूनच सुरू होते. 'बसा' म्हटलं की तो खुर्चीकडे मान वळवून बघत नाही, खांद्यांसकट सगळाच्या सगळा वळतो. मग बसतो आणि सांगतो, "वळते हो सगळीकडे, नुसती दुखते."

नाशकात फिजिओथेरपी करायची तर मानांना तोटा नाही. द्राक्षाचा हंगाम लागला की निफाड-पिंपळगावकडची मंडळी येतात. मांडवाखाली दिवसभर हात वर, नजर वर. कधी घडांची विरळणी, कधी डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणं. अंबड-सातपूरच्या कंपन्यांत मशीनवर वाकून आखडलेल्या माना बारमाही. गंगापूर रोडला पलंगावर लोळून लॅपटॉप चालवणारे तर ऋतू बघतच नाहीत. बहुतेकांच्या हातात एमआरआयची पिशवी असते आणि 'गादी सरकलीय' हे निदान शेजारच्या काकांनी आधीच करून ठेवलेलं असतं. झिजलेली गादी न दुखणाऱ्या मानांतही सर्रास दिसते, हे सांगितलं की आमच्या डिग्रीवरच संशय येतो.

सुरुवातीचे काही प्रश्न मात्र हसण्यावारी न्यायचे नसतात. पडलात का, अपघात झाला का? शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात का? चालताना तोल जातो, गिळायला त्रास होतो, एकाचं दोन दिसतं, ताप येतो, वजन उतरतंय? यातल्या एकालाही 'हो' आलं तर टेप, कोनमापक सगळं बाजूला आणि पेशंट आधी डॉक्टरांकडे.

मग हालचाल. निरोगी तरुण मान एका बाजूला साधारण 80 अंश फिरते, बाजूला 45 च्या आसपास कलते. आता 'उजवीकडे बघा' म्हटलं की माणूस खांदा मागे नेतो, कंबर वळवतो, एक कुल्ला उचलतो आणि 'बघा, आलं की!' म्हणतो. म्हणून पाठीची खुर्ची, पाठ टेकलेली, दोन्ही हात मांडीवर, पाय जमिनीवर. हनुवटी ते खांद्याचं हाडाळ टोक हे अंतर टेपनं दोन्ही बाजूंना मोजलं तरी फरक हाती लागतो. त्याहून कामाचा एक साधा प्रश्न: "द्वारका चौकात गाडी वळवताना मागे बघता का?" उत्तर ठरलेलं, "आरसा आहे ना!" आरसा घरी फरशी पुसताना कुणी आत वळवला, तो तसाच आहे, हे दुसऱ्या प्रश्नात कळतं.

डोकेदुखीही असेल तर पेशंटला उताणं झोपवायचं, हनुवटी छातीला लागेल इतकी मान पूर्ण वाकवायची आणि तशीच फिरवायची. असं केल्यावर खालचे मणके बरेचसे अडकतात आणि वळण मुख्यतः वरच्या दोन मणक्यांतून येतं. मानेच्या एकूण वळणातलं जवळजवळ अर्धं तिथलंच. साधारण 44 अंश मिळायला हवेत. एका बाजूला 32 च्या खाली अडकलं तर डोकेदुखीचा उगम मानेत असल्याची शंका घ्यायची.

इथपर्यंत सगळं ठीक. खरी करमणूक सुरू होते ती डोक्याला लेझर बांधल्यावर.

पट्टीवर छोटा लेझर लावून ती कपाळावर बसवायची. काकूंचा अंबाडा असतो, वर गजरा. काका टोपी काढायला तयार नसतात. काढलीच, तर खाली चमचाभर खोबरेल, आणि पट्टी घसरत भुवईवर येते. पुसायला रुमाल हाताशी ठेवावा. पेशंट भिंतीपासून 90 सेंटिमीटरवर. भिंतीवर वर्तुळांचा कागद, ठिपका बरोबर मध्यावर. आता डोळे मिटा, ही जागा लक्षात ठेवा, मान पूर्ण वळवा, सावकाश परत या आणि मध्यावर आलात असं वाटलं की 'आलो' म्हणा. 'आलो' अगदी छातीठोकपणे येतं. ठिपका तेव्हा कॅलेंडरवर असतो.

लाल ठिपका मध्यापासून किती दूर थांबला ते सेंटिमीटरमध्ये लिहायचं. एकदा मोजून भागत नाही, प्रत्येक दिशेला निदान सहा वेळा घ्यायचं आणि सरासरी काढायची. या अंतरावर 7 सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेचार अंश. सरासरी चूक त्याच्या वर गेली तर मानेची जागेची जाणीव बिघडली आहे असं धरतात. कवटीच्या बुडाशी असलेल्या छोट्या स्नायूंत ताण ओळखणारे संवेदक दाटीनं असतात. डोकं कुठं आहे याची खबर ते देतात आणि मेंदू ती डोळ्यांच्या नि आतल्या कानाच्या खबरीशी जुळवतो. मान दुखली की ही खबर गढूळ होऊ शकते. प्रत्येकाची होत नाही. गाडीच्या धक्क्यानं मान हिसकली असेल किंवा दुखण्याबरोबर तोल गेल्यासारखं वाटत असेल, तर जास्त सापडते. मात्र कुशीवर वळताना क्षणभर सगळं गरगरत असेल तर दोष बहुधा कानाचा, तो निराळा तपासावा लागतो.

या चाचणीचा मुख्य शत्रू म्हणजे सोबत आलेलं माणूस. "अहो, अजून थोडं डावीकडे!" हे एकदा खोलीत घुमलं की ती फेरी बाद. आम्हीही मध्ये 'शाब्बास' म्हणायचं नाही, ठिपका कुठे लागला ते सांगायचं नाही. नाहीतर पेशंट शिकतो आणि आकडा सुधारतो, मान नाही. दुसरा शत्रू घाई. झटक्यात फिरून आलेली मान अंदाजानं येते. तिसरा म्हणजे एका पापणीतून चोरून बघणं. डोळ्यांवर पट्टीच बांधावी.

शेवटी मानेच्या खोल स्नायूंची परीक्षा. उताणं झोपून गुडघे दुमडायचे, मानेखाली हवेची चपटी पिशवी, दाबाचा काटा 20 वर (मोजमाप रक्तदाबासारखंच, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये). 'हो' म्हणताना होते तेवढीच इवलीशी हालचाल करून काटा 22 वर न्यायचा, दहा सेकंद धरायचा. मग 24, 26, 28, 30. जोर लावायचाच नाही, ही अट नाशिककराला अपमानास्पद वाटते. दात आवळले जातात, श्वास कोंडतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दोरखंडासारखे तट्ट उभे राहतात आणि काटा 40 वर. "घ्या!" म्हणून विजयी मुद्रा. हे नापास. काटा 24 वर गुमान थरथरत ठेवणाऱ्या आजी त्याच्यापेक्षा पुढे.

घरी सरावाला हाच लेझर, हीच भिंत, आधी डोळे उघडे, मग मिटून. समोर आरसा नको, नातवंडं नकोत. लेझर डोळ्यात जाता कामा नये. काही आठवड्यांनी फेरमोजणी करताना अंतर तेच, कागद तोच, खुर्चीही तीच हवी. खुर्ची तेवढी मिळत नाही, ती वेटिंगमध्ये कुणीतरी ओढून नेलेली असते.