एक्स-रे ‘साफ’ म्हणजे फुप्फुसं साफ, असं नाही

नागपूरजवळच्या कामठी-उमरेडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘खाणीत, गिट्टी खदानीत काम करता? छातीचा एक्स-रे साफ असेल तर धुळीचा आजार नाही. डाग दिसले तर टीबीच.’ दोन्ही वाक्यं चूक आहेत.

सिलिकॉसिस, म्हणजे दगडातल्या सिलिकाच्या बारीक धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. एचआरसीटीत (फुप्फुसाच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये) बारीक गाठी आधी सापडू शकतात. एक्स-रेत दिसतात तेव्हा बहुधा दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात, मोहरी-साबुदाण्याएवढे गोल ठिपके. कधी आतल्या लसिकाग्रंथींभोवती चुन्याचं पातळ कडं, अगदी अंड्याच्या टरफलासारखं. टीबीही बरेचदा वरच्याच भागात बसतो, तिथेच गफलत होते. त्यात सिलिकॉसिसवाल्याला टीबीचा धोका जास्त, म्हणजे दोन्ही सोबतही असू शकतात. म्हणून थुंकीची तपासणी हवीच, नुसत्या डागावरून टीबीची औषधं नकोत. (ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणाऱ्या आजाराचं उलट: तो बहुधा खालचा भाग धरतो.)

तज्ज्ञ अशी फिल्म आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) नमुना फिल्मांशी ताडून वाचतात. पण माझ्या मते फिल्मइतकाच मोलाचा असतो एक साधा प्रश्न, जो गर्दीच्या ओपीडीत राहूनच जातो: काम कोणतं, किती वर्षं, ड्रिलिंग कोरडं की पाणी मारून? काम सोडल्यावर कित्येक वर्षांनीही हा आजार उघड होतो. तेव्हा ‘आता रिटायर आहे’ म्हणून जुनं काम लपवू नका. जुन्या फिल्माही फेकू नका, नवीसोबत न्या.