डॉक्टर लिहिणार ‘रिस्ट फ्रॅक्चर’ आणि कोड अपुरा पडला की दोष आमचा

‘फक्त कोड बदलतात, बाकी काम तेच’ हे वाक्य यापुढे मीटिंगमध्ये कुणी म्हटलं तर मी उठून जाणार आहे. २०१५ मध्येही हेच ऐकवलं होतं आणि आता आयसीडी-११ (आजार-दुखापतींना कोड देणाऱ्या आंतरराष्ट्रीय यादीची नवी आवृत्ती) च्या प्रेझेंटेशनमध्येही तेच!

अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे चार्ट, म्हणजे पेशंटच्या नोंदी, पुण्यात बसून कोड करणाऱ्यांना विचारा काय बदललं ते. आयसीडी-९ मध्ये निदानाचे साधारण १४ हजार कोड होते. १ ऑक्टोबर २०१५ ला तिकडे आयसीडी-१० लागू झालं आणि कोड गेले ७० हजारांच्या घरात. तारीख आधी २०१३ ची होती, मग २०१४, मग २०१५. दोन वर्षं जास्तीची मिळाली. तेवढ्यात डॉक्टरांना चार्ट नीट लिहायला शिकवलं असतं तर आज माझी काही तक्रार नसती.

कारण कोड मी मनाने लावू शकत नाही. चार्टमध्ये लिहिलंय तेवढंच कोड करायचं, हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. हात मोडला. उजवा की डावा? हाड जागचं हललंय का? जखम उघडी की बंद? उघडी असेल तर गस्टिलोचा (उघड्या फ्रॅक्चरच्या वर्गीकरणातला) कुठला प्रकार? कोपर ते मनगट या भागातल्या बहुतेक फ्रॅक्चरना कोडच्या नुसत्या सातव्या अक्षराचेच १६ पर्याय आहेत. आणि चार्टमध्ये काय असतं? ‘रिस्ट फ्रॅक्चर, फॉलोअप.’ बास.

क्वेरी टाका, म्हणजे डॉक्टरांनाच विचारा म्हणतात. टाकते ना! उत्तर येत नाही, चार्ट होल्डवर पडतो, टार्गेट माझं बुडतं. अनस्पेसिफाइड (तपशील नसलेला) कोड लावला तर विम्याचा क्लेम परत येतो आणि ऑडिटमध्ये अ‍ॅक्युरसी माझीच घसरते. ज्याने बाजू लिहिली नाही त्याला कुणी एक शब्द विचारत नाही.

ट्रेनिंग म्हणून काय दिलं? जुन्या कोडसमोर नवा कोड लिहिलेली एक्सेल. अहो, एकाला एक कोड जुळतच नाही! वर सातव्या जागेचा ‘ए’ म्हणजे पेशंटची पहिली भेट, असं छातीठोकपणे शिकवलं. साफ चूक. मूळ दुखापतीवर उपचार चालू असतील तर पेशंट तिसऱ्यांदा आला, डॉक्टर बदलला, तरी ‘ए’च. प्लास्टर बदलायला किंवा हाड जुळतंय का बघायला आला की ‘डी’. शिकवणाऱ्यालाच हे माहीत नव्हतं, आणि त्याचे डिनायल (नाकारलेले क्लेम) आम्ही रात्रपाळीत निस्तरले.

आयसीडी-१० च्या बातम्या मात्र गाय चावल्याच्या कोडवर. तो कोड मला आजवर लागलेला नाही. लागतो तो साधा पडल्याचा: डब्ल्यू१९, पुढे रिकाम्या जागा भरायला तीन एक्स, मग ‘ए’. एक एक्स राहिला तरी कोड बाद.

आयसीडी-११ मध्ये तर मूळ कोडला बाजू, तीव्रता असे वेगळे कोड जोडत साखळी करायची आहे. जगासाठी ते १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, अमेरिका घेईल तेव्हा घेईल. पण तोवर पहिल्या ट्रेनिंगला आम्हाला नका बसवू, चार्ट लिहिणाऱ्यांना बसवा. उजवा की डावा, एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो?