एका वर्षात नर्सिंग? मग बाकीची वर्षं गेली कुठे?

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: "बी.ए., बी.कॉम., कोणतीही पदवी चालेल. 12 महिन्यांत नर्सिंग पूर्ण. अमेरिकेत असे कोर्स मान्य. पदवीधर पटकन शिकतो. नोकरीची हमी." यात थोडं खरं मिसळलंय, म्हणूनच तो पसरतो.

"अमेरिकेत असे कोर्स मान्य." आहेत. दुसऱ्या विषयातल्या पदवीधरांसाठी तिथे 11 ते 18 महिन्यांचे कोर्स चालतात. पण वेळ वाचतो कुठे, ते बघा. तिथल्या चार वर्षांच्या नर्सिंग पदवीत सुरुवातीचा मोठा भाग इंग्रजी, समाजशास्त्र, रसायनशास्त्र अशा विषयांत जातो. पदवीधराने त्यातले बरेच आधीच केलेले असतात, म्हणून तेवढे वगळतात. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, संख्याशास्त्र नसेल झालेलं, तर प्रवेशाआधी पूर्ण करून या म्हणतात. बी.कॉम.वाल्याचे 12 महिने तिथेच वाढायला लागतात. वॉर्डातले तास मात्र कापत नाहीत. कापतात त्या सुट्ट्या. कोर्स चालू असताना नोकरी करू नका, असंही बजावतात. शेवटी नर्सच्या परवान्याची एनक्लेक्स-आरएन परीक्षा सगळ्यांना एकच: 85 ते 150 प्रश्न, वेळ 5 तास.

"मग इथेही 12 महिन्यांत होईल." इथे वगळायला तेवढं काही नाहीच. आपल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्याच सेमिस्टरला ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि नर्सिंग फाउंडेशन सुरू होतं. पदवीधराच्या ओळखीचे फार तर तीन विषय: इंग्रजी, समाजशास्त्र, मानसशास्त्र. तिन्ही माफ केले तरी एक सेमिस्टरही सुटत नाही. आठवं सेमिस्टर तर जवळजवळ पूर्ण ड्यूटीचं आहे: आठवड्याला 48 तास, 22 आठवडे, म्हणजे 1056 तास. भारतीय परिचर्या परिषदेच्या (इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या) नियमांत दुसऱ्या शाखेच्या पदवीधरासाठी जवळचा रस्ता नाही.

"पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग दोनच वर्षांचं असतं ना?" असतं, पण जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून परिषदेत नोंदणी झालेल्यांसाठी. बी.कॉम.वर ते मिळत नाही.

मग खरे रस्ते कोणते? बारावीला पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) आणि इंग्रजी असेल तर सीईटी देऊन बी.एस्सी. नर्सिंग, 4 वर्षं. बारावी आर्ट्स-कॉमर्सची असेल तर जीएनएम, 3 वर्षं. वयाची वरची मर्यादा 35. म्हणजे तिशी ओलांडलेल्याने "पुढच्या वर्षी बघू" म्हणणं महागात पडतं.

"पदवीधर पटकन शिकतो." गणित शिकतो, हे मान्य. 500 मिली सलाईन 4 तासांत द्यायचंय आणि सलाईनच्या नळीचा सेट 20 थेंबांना 1 मिलीचा आहे: 500 गुणिले 20, भागिले 240 मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. बी.कॉम.वाला हे तोंडी सांगेल. पण थेंब 42 वर लावून तो पुढच्या खाटेकडे गेला आणि पेशंटने कोपर दुमडलं, की धार मंदावते. नवखा रोलर (नळीवरचं धार कमी-जास्त करायचं चाक) सैल करतो. मग हात सरळ होतो आणि सलाईन धो धो जातं. कधी मंदावण्याचं कारण वेगळंच असतं: सुई शिरेबाहेर सरकलेली, त्वचा गार आणि फुगलेली. तिथे रोलर सोडला तर सूज वाढते. सलाईन थांबवून सुई काढायची असते. बाटलीकडे बघण्याआधी हाताकडे बघायची सवय सिव्हिलसारख्या गर्दीच्या वॉर्डातच लागते.

"नोकरीची हमी." वर्षभराच्या सर्टिफिकेटवर नोकरी मिळू शकते, पण मदतनीसाची. तिला नर्सिंग म्हणणं ही जाहिरातीची चलाखी. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत त्यावर स्टाफ नर्स म्हणून नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसेल तर सरकारी भरतीत स्टाफ नर्सचा अर्जच बाद.

फी भरण्याआधी ऑफिसात विचारा: सर्टिफिकेटवर कोर्सचं नाव काय छापून येणार? परीक्षा कोण घेणार? बी.एस्सी. नर्सिंग असेल तर नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ किंवा एखादं अभिमत विद्यापीठ हवं; सोलापूर विद्यापीठाचा त्याच्याशी संबंध नाही. आणि बी.एस्सी.च्या कॉलेजला लागणारं 100 खाटांचं हॉस्पिटल कुठे आहे? "टाय-अप आहे" असं उत्तर आलं, तर हॉस्पिटलचं नाव घ्या आणि तिथे जाऊन मेट्रनना (मुख्य नर्सना) विचारून या.