लॅपटॉप घेण्याआधी दप्तर काट्यावर ठेवा

प्रवेशाच्या फेऱ्या संपत आल्या की सांगली-मिरजेच्या दुकानांत एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं. "इंजिनिअरिंगला चाललाय ना, मग ग्राफिक कार्डवालाच घ्या, नंतर पस्तावाल." वडील मान डोलावतात. चार वर्षांचा प्रश्न असतो आणि ऊसबिलातनं बाजूला काढलेले पैसे एकदाच खर्च व्हायचे असतात. मग मुलाच्या नाहीतर मुलीच्या पाठीवर सव्वादोन-अडीच किलोचा, ग्राफिक्ससाठी वेगळी चिप असलेला गेमिंग लॅपटॉप येतो आणि त्याच्यासोबत अर्ध्या किलोहून जड चार्जर. तासगाव, पलूस, आष्टा, कवठेमहांकाळ इथनं रोज एसटीनं येऊन, सांगली स्टँडवर उतरून विश्रामबागेकडं दुसरी गाडी पकडणाऱ्या पोरांसाठी ही खरेदी चुकीची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन महिन्यांत तो लॅपटॉप घरच्या टेबलावरच राहायला लागतो आणि लॅबमध्ये पोरं मित्राच्या मशीनवर काम करतात.

म्हणून खरेदीची सुरुवात दुकानात करू नका, घरी करा. दप्तर रोजच्यासारखं भरा आणि जवळच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. साधारण हिशेब असा येतो: रिकामी सॅक 800 ग्रॅम, लिटरची भरलेली बाटली 1150, स्टीलचा डबा जेवणासकट 800, वह्या आणि जर्नल 1 किलो, छत्री 350. लॅपटॉप नसतानाच 4 किलो 100 ग्रॅम झाले. त्यात 2.3 किलोचा गेमिंग लॅपटॉप आणि 600 ग्रॅमचा चार्जर घातला की 7 किलो. त्याऐवजी 1.4 किलोचा 14 इंची आणि 200 ग्रॅमचा टाइप-सी चार्जर घातला तर 5 किलो 700. फरक 1 किलो 300 ग्रॅमचा आहे. गर्दीच्या एसटीत सॅक पोटाशी धरून पाऊण तास उभं राहायचं असतं, तेव्हा हा फरक मान आणि खांदे सांगतात.

वजनाचा आकडा वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. कंपनीच्या माहितीत "पासून सुरू" असं लिहिलेलं वजन सगळ्यात हलक्या मॉडेलचं असतं. मोठी बॅटरी किंवा टचस्क्रीन असलेलं मॉडेल त्याहून जड भरतं. आणि ऑनलाइन विक्रीच्या पानावर कधी कधी खोक्यासकटचं वजन दिलेलं असतं, त्यावरून चांगला लॅपटॉप उगाच बाद करू नका. चार्जरचं वजन तर बहुतेक कुठंच लिहीत नाहीत. दुकानदाराला दोन्ही एकत्र वजन करून मागा. सामान तोलायचा छोटा हुकवाला डिजिटल काटा असेल तर खिशात घालून न्या. लॅपटॉप आणि चार्जर मिळून पावणेदोन किलोच्या आत, ही रोज प्रवास करणाऱ्यांसाठी माझी मर्यादा आहे.

आता मुख्य मुद्दा, आणि इथंच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. हलका लॅपटॉप हलका का असतो? आतली जागा कमी करण्यासाठी बऱ्याच मॉडेलमध्ये रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, थेट मदरबोर्डवर (आतल्या मुख्य पाटीवर) चिकटवलेली, म्हणजे सोल्डर केलेली असते. ती नंतर वाढवता येत नाही. "सध्या 8 जीबी घेऊ, पुढं बघू" हा विचार जाड लॅपटॉपला चालतो. पातळ लॅपटॉपमध्ये पुढं बघायला जागाच नसते. विंडोज 11, ब्राउझरमधल्या दहा-पंधरा टॅब आणि एक ऑनलाइन लेक्चर एवढ्यानंच 8 जीबी भरत येतात. त्यावर अँड्रॉइड स्टुडिओचा इम्युलेटर (लॅपटॉपमधला नकली फोन) किंवा व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपमध्येच चालणारा दुसरा संगणक) चालवायला गेलं की सगळं अडकत अडकत चालतं. म्हणून रॅम सोल्डर असेल तर 16 जीबीच घ्या. 8 सोल्डर आणि एक स्लॉट रिकामा असेल तर 8 घेऊन नंतर 8 टाकणं ठीक आहे.

हे ओळखायचं कसं? दुकानात लॅपटॉप चालू करून घ्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. उजवीकडं खाली दोन ओळी बघा. "फॉर्म फॅक्टर"समोर "रो ऑफ चिप्स" लिहिलेलं असेल तर रॅम सोल्डर आहे. "सोडिम" असेल तर ती स्लॉटमधली पट्टी आहे, बदलता येते. "स्लॉट्स यूज्ड" ही ओळ काही मशीनवर चुकीची माहिती दाखवते, त्यामुळं मॉडेलचा पूर्ण नंबर टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करा. नुसतं नाव पुरत नाही, कारण एकाच नावाखाली चार-पाच वेगळी मॉडेल विकली जातात.

प्रोसेसरबद्दल थोडंच सांगतो. नंबरच्या शेवटचं अक्षर बघा. "यू" म्हणजे साधारण 15 वॉटचा, कमी वीज खाणारा, कमी तापणारा. "एच" म्हणजे 45 वॉटच्या आसपासचा. पातळ बॉडीत एच घातला की पहिली काही मिनिटं वेगात जातात, मग तापल्यावर तो स्वतःच वेग कमी करतो आणि पंखा वाजत राहतो. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तर जास्तच. एएमडीच्या 7000 मालिकेत तिसरा आकडा महत्त्वाचा असतो, तो आतल्या रचनेची पिढी सांगतो. रायझन 5 7520यू ऐकायला नवा वाटतो, पण आत 2019 साली आलेली झेन 2 रचना आणि चारच कोर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग, आहेत. 7530यूमध्ये झेन 3 आणि सहा कोर मिळतात. नंबरात फरक फक्त एका आकड्याचा, आणि दोन्हींवरचं स्टिकर "रायझन 5"च असतं.

ग्राफिक कार्ड खरंच कोणाला लागतं? आर्किटेक्चर, ॲनिमेशन, व्हिडिओ एडिटिंग यांना लागतं, आणि त्यांनी वजन मान्य करून होस्टेल किंवा रूम घेतलेली बरी. कॉम्प्युटर, आयटीच्या मुलांना लागत नाही. त्यांना रॅम लागते. मशीन लर्निंगसाठी गुगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवर मोफत जीपीयू, म्हणजे ग्राफिक कार्डाचाच प्रोसेसर, मर्यादेत वापरायला मिळतो, शिकण्यापुरता तो पुरतो. सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या पहिल्या दोन वर्षांतलं ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधले छोटे पार्ट प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर नीट चालतात. मोठ्या असेंब्ली, अ‍ॅन्सिसवरची ताण-उष्णतेची गणितं, रेंडरिंग हे कॉलेजच्या लॅबचं काम आहे. तिथल्या डेस्कटॉपवर ते कमी वेळात होतं आणि तुमच्या लॅपटॉपचं आयुष्यही वाढतं. ऑटोकॅडचा विद्यार्थी परवाना ऑटोडेस्ककडून मोफत मिळतो, क्रॅक कॉपी टाकून व्हायरस घेऊ नका.

मॅकबुक एअर वजनात आणि बॅटरीत फार चांगला आहे. एम 2 प्रोसेसरचा 13 इंची 1.24 किलोचा आहे. पण सॉलिडवर्क्स आणि टॅली प्राइम ही विंडोजची सॉफ्टवेअर आहेत, मॅकवर थेट चालत नाहीत. मोबाइलसारख्या स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवाल्या विंडोज लॅपटॉपचंही तसंच: बॅटरी उत्तम, पण जुन्या उपकरणांचे ड्रायव्हर खास त्या प्रोसेसरसाठी बनवलेले नसतील तर चालत नाहीत. इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमधली जुनी किट जोडायची असतील तर आधी विभागात विचारा, मग पैसे मोजा.

बीकॉमच्या मुलांसाठी एक वेगळी गोष्ट. 14 इंची लॅपटॉपला उजवीकडचं आकड्यांचं कीपॅड बहुधा नसतं. टॅलीत रोज एन्ट्री करणाऱ्याला त्याचा त्रास होतो. त्यावर उपाय म्हणजे वेगळं यूएसबी नंबर पॅड घेऊन घरी ठेवणं. केवळ त्यासाठी 15.6 इंची लॅपटॉप रोज वाहून नेऊ नका.

स्क्रीन दुकानात चांगलीच दिसते, कारण दुकानात बाहेरच्यापेक्षा उजेड कमी असतो. लॅपटॉप उचलून दारापाशी या. 250 निट्स (उजेडाचं माप) आणि 45 टक्के एनटीएससी (रंगांचं माप) लिहिलेली स्क्रीन उजेडात फिकी पडते, वर्गात खिडकीशेजारी बसलं की आपलाच चेहरा दिसतो. 300 निट्स आणि आयपीएस, म्हणजे बाजूनं बघितलं तरी नीट दिसणारी स्क्रीन, ही किमान अपेक्षा ठेवा. 1920 गुणिले 1200 ची स्क्रीन मिळाली तर उंची थोडी जास्त मिळते आणि कोडच्या चार-पाच ओळी जास्त दिसतात.

बॅटरीवर "10 तास" लिहिलेलं सोडून द्या, वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत मावणारी वीज, बघा. वाचन, टायपिंग, वायफाय एवढ्याला साधारण 8 वॉट धरा. 42 वॉट-अवरची बॅटरी 5 तासांच्या आसपास जाते, 60 ची साडेसात तास. सकाळी सातला घर सोडून संध्याकाळी परतणाऱ्याला 50 च्या खाली घेऊ नये, नाहीतर चार्जर रोज न्यावा लागतो आणि हलकेपणाचा अर्धा फायदा तिथंच जातो.

चार्जिंग टाइप-सीनंच होणारं घ्या. पण टाइप-सीचं भोक दिसलं म्हणजे चार्जिंग होतंच असं नाही, काही पोर्ट फक्त डेटाचे असतात. दुकानात 65 वॉटचा पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर लावून बघा. केबलही नीट लागते: साधी केबल 3 अ‍ॅम्पियरची, म्हणजे 60 वॉटपर्यंतची असते. पूर्ण 65 वॉटसाठी 5 अ‍ॅम्पियरची, 100 वॉट लिहिलेली केबल घ्या. असा एकच चार्जर मोबाइललाही चालतो, म्हणजे दप्तरातला आणखी एक चार्जर कमी झाला.

बिजागरीकडं फार कमी लोक बघतात आणि स्वस्त, हलक्या लॅपटॉपमध्ये पहिल्यांदा तीच जाते. आत काय असतं ते समजून घ्या. बिजागरीचे स्क्रू पितळेच्या छोट्या नटांत बसवलेले असतात आणि ते नट प्लास्टिकच्या बोंडांत रोवलेले असतात. बिजागरी घट्ट असेल आणि रोज एका कोपऱ्याला धरून झाकण ओढलं, तर सगळा ताण एकाच बाजूच्या नटांवर येतो. बोंड तडकतं, नट सुटतो, मग झाकण उघडताना खालची बॉडी फाकते आणि "कट" आवाज येतो. तो आवाज आला की उघडझाप थांबवा आणि दुरुस्तीला न्या. तसंच वापरत राहिलं तर स्क्रीनची केबल तुटते आणि खर्च कितीतरी वाढतो. घेताना झाकण मध्यभागी धरून एका हातानं उघडून बघा; खालचा भाग फार उचलला जात असेल तर बिजागरी घट्ट आहे. कीबोर्डच्या मध्यभागी बोटानं दाबा, खोलगट होत असेल तर बॉडी कमकुवत आहे.

होस्टेलच्या आणि जुन्या घरांच्या खोल्यांत अर्थिंग बरेचदा नसतं. तिथं धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला लावून हात फिरवला की झिणझिण्या येतात. चार्जरमधनं अगदी थोडा प्रवाह बॉडीवर येतो आणि त्याला जमिनीत जायला वाट नसते. तीन पिनच्या चार्जरला दोन पिनचा अडॅप्टर लावणं टाळा, घरमालकाला सांगून अर्थिंग करून घ्या. कमी व्होल्टेजनं लॅपटॉपचं फारसं बिघडत नाही, चार्जर 100 ते 240 व्होल्टवर चालतो. भीती वळवाच्या पावसातल्या विजांची असते. ढग गडगडायला लागले की पिन काढून ठेवा.

पैसे मोजकेच असतील तर क्रम असा ठेवा: आधी 16 जीबी रॅम, मग 512 जीबीची एनव्हीएमई एसएसडी (फाइली साठवायची वेगवान जागा), मग बॅटरी, मग स्क्रीन, आणि प्रोसेसरची वरची पायरी शेवटी. कंपन्यांमधनं परत आलेले बिझनेस मालिकेतले जुने लॅपटॉप हाही चांगला रस्ता आहे, त्यांच्या बिजागऱ्या मजबूत असतात. पण इंटेलच्या 8 व्या पिढीच्या आधीचा घेऊ नका. विंडोज 11 साठी तो अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक स्पेस, मग स्लॅश बॅटरीरिपोर्ट असं टाइप केलं की बॅटरीचा अहवाल बनतो. त्यातला डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटीचा फरक बघा. नवी असतानाच्या 70 टक्क्यांच्या खाली गेली असेल तर बॅटरी बदलायचा खर्च किमतीतनं वजा करून मागा. सुरू करताना बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ प्रणालीचा, पासवर्ड मागत असेल तर तो घेऊच नका.

वॉरंटीचं विचारताना "एक वर्ष" एवढ्यावर थांबू नका. माणूस घरी येणार, सांगलीतल्या केंद्रात द्यायचा, की कोल्हापूर-पुण्याला पाठवायचा, हे लेखी घ्या. परीक्षेच्या दिवसांत तीन आठवडे लॅपटॉप बाहेर राहिला तर काय होतं हे पालकांना सांगायला नको. रोज एसटीनं जाणाऱ्यासाठी पडझडीचं संरक्षण घेतलेलं मला योग्य वाटतं. जीएसटी बिलावर सिरियल नंबर आहे आणि तो लॅपटॉपच्या पाठीवरच्या नंबराशी जुळतो, हे काउंटरवरच तपासा.

आणि पहिल्याच दिवशी एक सेटिंग बदला. आजकालचे विंडोज लॅपटॉप झाकण मिटलं तरी पूर्ण झोपत नाहीत. दप्तरात कधी तरी जागे होतात, आतल्या आत तापतात आणि कॉलेजला पोचेपर्यंत बॅटरी निम्मी झालेली असते. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, झाकण मिटल्यावर काय करायचं, तिथं "हायबरनेट" निवडा. ते दिसत नसेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑन टाइप करा.

भरताना लॅपटॉप पाठीकडच्या कप्प्यात, बिजागरीची बाजू खाली. चार्जर त्याला लागून ठेवू नका. पातळ झाकणावर चार्जरचा कोपरा दाबला की आतली काच तडकते आणि बाहेरून ओरखडाही दिसत नाही. पाण्याची बाटली सॅकच्या बाहेरच्या जाळीत, डबा वेगळ्या पिशवीत. जुलैत पाऊस आडवा मारतो तेव्हा सॅकचं कव्हर बाहेरून पुरत नाही, लॅपटॉप आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड दुमडा आणि मग कप्प्यात सरकवा. वर्गात पोचल्यावर पिशवीतनं लगेच बाहेर काढा, आत दमट राहू देऊ नका. एसटीत वरच्या कॅरियरवर ठेवू नका, मांडीवर घ्या.