खोकला मुलाचा, रजा कोणाची?

आमच्या पुण्यातल्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी चांगलीच जुंपली. एका वहिनींनी लिहिलं, ‘खोकणारी मुलं लोक नर्सरीत पाठवतात कशी? मग आमची पडतात आजारी.’ दुसऱ्या वहिनींचं उत्तर तयारच होतं: ‘घरी ठेवलं असतं हो, पण रजा कुठून आणू?’ मग काकांनी मध-आल्याचा उपाय सांगितला, वर्षाच्या आतल्या बाळाला मध चालत नाही असं कोणीतरी त्यांना सुनावलं, आणि भांडण तिकडे सरकलं.

मी स्टॉकहोममध्ये बसून हे वाचत होतो. मला दुसऱ्या वहिनींचं पटलं.

स्वीडनमध्ये मूल आजारी पडलं की आई किंवा बाबा घरी राहतात आणि पगाराच्या जेमतेम ८० टक्के रक्कम सरकारी सामाजिक विम्यातून मिळते. एका मुलामागे वर्षाला १२० दिवसांपर्यंत, साधारण मूल १२ वर्षांचं होईपर्यंत. पहिले सात दिवस डॉक्टरचा दाखला मागत नाहीत. अर्धा दिवस, पाव दिवस, अगदी दिवसाचा आठवा भागही घेता येतो. आईबाबांना जमत नसेल तर त्यांच्याऐवजी स्वतःचं काम सोडून थांबणाऱ्या आजीला किंवा शेजाऱ्यालाही हे पैसे मिळतात. सुरुवात १९७४ची.

इतकी सोय म्हटल्यावर इथले लोक प्रत्येक खोकल्याला मूल घरी ठेवत असतील असं वाटेल. उलट आहे! सरकारी आरोग्य खात्याचा सल्ला असा की मुलाची एकंदर तब्येत बघा. खेळतंय, जेवतंय, ताप नाही, तर वाहतं नाक आणि खोकला घेऊन खुशाल पाठवा. शेंबूड हिरवा असला तरी. ताप आला किंवा मूल मलूल पडलं तर घरी. आमची आई इथे आली होती तेव्हा खोकणाऱ्या नातवाला बर्फात खेळताना बघून तिचं डोकंच फिरलं. कानटोपीवरून आमच्यात जे झालं ते इथे लिहीत नाही.

मला महत्त्वाचं वाटतं ते असं की सकाळी मुलाला सोडताना मी बाईंना खरं सांगू शकतो: रात्रभर खोकत होता, ताप नाही, बघा कसं जमतंय. दुपारी फोन आला तर मीटिंग सोडून उठतो आणि साहेब तोंड वाकडं करत नाही.

पुण्यात तेच वाक्य बोलायची सोय नाही. सकाळी पॅरासिटामॉल पाजायचं, मूल ताजंतवानं दिसतं, दुपारी ताप पुन्हा चढतो. असं करणाऱ्या आईला बेजबाबदार म्हणणं मला जमत नाही. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आलं. पण पुढे बाळ तीन वर्षांचं होऊन तापलं की खाजगी नोकरीतल्या आईबापासाठी कायद्यात वेगळी रजा नाही. केंद्र सरकारी कर्मचारी महिलांना बालसंगोपनासाठी ७३० दिवस मिळतात, हिंजवडीतल्या इंजिनियरला नाहीत आणि चार घरी पोळ्या करणाऱ्या मावशींना तर नाहीतच. मग उरते आजी, म्हणजे आपली बिनहप्त्याची विमा योजना. तिच्या गुडघ्यांचं कोणी विचारत नाही.

२०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्यात विषारी कफ सिरपनं मुलं दगावली. दोष भेसळीचा आणि तपासणीचा होता, आईबापांचा नव्हे. पण तेव्हा केंद्रीय आरोग्य विभागानं जे सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे: दोन वर्षांखाली खोकल्याची औषधं नकोत, पाच वर्षांखालीही सहसा नकोत, मुलांचा बहुतेक खोकला आपोआप बरा होतो. आपोआप बरा व्हायला दिवस लागतात, आणि त्यातल्या तापाच्या दिवसांत कोणीतरी घरात लागतं.

इथे सगळं आलबेल आहे असं नाही. पगारावर वरची मर्यादा आहे, आणि अजूनही यातले निम्म्याहून जास्त दिवस आयाच घेतात. तरी पैसे एकट्या मालकाच्या खिशातून जात नाहीत, हे मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. आपल्याकडे बाळंतपणाच्या रजेचा पगार, राज्य कामगार विमा योजनेतल्या (ईएसआय) बायका सोडल्या तर, मालकच देतो, म्हणून काही ठिकाणी मुलाखतीतच ‘लग्न कधी?’ विचारतात. आजारी मुलासाठी रजा मागायचीच तर ती विम्यातून मागा आणि बाबांच्याही नावावर मागा. नाहीतर पुढच्या मुलाखतीत ‘मूल किती वर्षांचं?’ हाही प्रश्न येईल, आणि तो फक्त आईलाच.