चोवीस अंशांच्या फटीत

गेल्या मंगळवारी सकाळी साडेदहापर्यंत माझी रास सिंह होती. पन्नाशीला टेकलेल्या माणसाकडे स्वतःचे म्हणावे असे फार थोडे उरलेले असते. केस गेलेले असतात, गुडघे निघण्याच्या तयारीत असतात आणि टीव्हीचा रिमोट कधीच पुढच्या पिढीच्या ताब्यात गेलेला असतो. रास तेवढी शाबूत होती. तीही सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर, सहा अनोळखी माणसांच्या देखत, माझ्याकडून काढून घेण्यात आली.

निमित्त वास्तुशांतीच्या मुहूर्ताचे होते. पत्नीने मला गुरुजींकडे पिटाळताना आईने जपून ठेवलेली माझी पत्रिका बरोबर दिली होती. तिच्यासोबत, निव्वळ मिरवण्यासाठी, मेलबर्नच्या भाचीने वाढदिवसाला पाठविलेली रंगीत पत्रिका मी स्वतः पिशवीत घातली होती. तीत रवि सिंहेत, चंद्र वृषभेत आणि लग्न, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, तूळ होते. म्हणजे राजाचा रुबाब, बैलाचे स्थैर्य आणि तराजूचा समतोल. घरात हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. पण ऑस्ट्रेलियातल्या संगणकाच्या आले, याचे मला विशेष कौतुक होते.

बाकावर माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते. सरकारी हिशेबखात्यातून निवृत्त झालेले, मूळचे रत्नागिरीकडचे. ही माहिती मी विचारलेली नव्हती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्या मांडीवरची रंगीत पत्रिका न विचारता उचलली आणि हातभर लांब धरली.

"हे काय, मोटारीचं स्टिअरिंग?"

"पाश्चात्त्य पद्धतीची पत्रिका आहे," मी शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो.

"आणि लग्न डावीकडे? घड्याळात नऊ वाजतात तिथे? आपलं कसं वर, मधोमध असतं, गणपतीसारखं." एवढे बोलून त्यांनी माझी दुसरी पत्रिकाही पिशवीतून स्वतःच काढली. कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेला तो पिवळा कागद, आणि त्यावर शंकरपाळ्यांचे ताट मांडावे तशी बारा घरे. "लग्नी सहा," ते म्हणाले.

त्या सहाचा अर्थ मी लहानपणापासून 'गुण' असा लावीत आलो होतो आणि ते कमी आहेत याचे वाईटही वाटून घेतले होते. घरे जागची हलत नाहीत, त्यांत लिहिलेला आकडा राशीचा असतो आणि सहा म्हणजे कन्या, हे ज्ञान मला त्या बाकावर झाले. "कन्या लग्न," आजोबा आता खणखणीत आवाजात वाचू लागले, "अष्टमात चंद्र, म्हणून रास मेष, कृत्तिका पहिला चरण, रवि कर्केत."

"आणि सिंह?" मी विचारले.

"सिंह बाराव्यात. रिकामी आहे."

"बाराव्यात म्हणजे?"

"व्ययस्थान. खर्च." त्यांनी कागदाची घडी घातली, माझ्याकडे करुणेने पाहिले आणि खोलीला उद्देशून म्हणाले, "यांना साडेसाती चालू आहे हो. २९ मार्च २०२५ला शनि मीनेत, म्हणजे मेषेच्या आधीच्या राशीत आला, तेव्हापासून."

यानंतर जे घडले ते मी अजून विसरलेलो नाही. बाकाच्या त्या टोकाला बसलेल्या बाईंनी आपली पर्स माझ्या बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली आणि त्या साधारण वीतभर सरकल्या. पलीकडचे गृहस्थ उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. शनि संसर्गजन्य आहे असे कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नसावे. तिथे जमलेली सगळी माणसे स्वतःच्या अडचणी घेऊनच आली होती; तरीही दुसऱ्याची अडचण आपल्या पर्सला लागू नये, एवढी काळजी त्यांना होतीच.

रागाच्या भरात मी घरी येऊन या प्रकरणाचे मूळ शोधले. ते असे की पृथ्वीचा आस मंदावत चाललेल्या भोवऱ्यासारखा डुलतो. एका डुलीला सुमारे २६,००० वर्षे लागतात; त्यामुळे वसंतसंपाताचा, म्हणजे मार्चमध्ये सूर्य विषुववृत्त ओलांडतो तो बिंदू तारकांमधून दर ७२ वर्षांना साधारण एक अंश मागे सरकतो. पाश्चात्त्य लोक मेषेचा आरंभ त्या सरकत्या बिंदूपासून मोजतात, त्याला सायन म्हणतात. आपण तो स्थिर तारकांच्या आधाराने मोजतो, ते निरयन. दोहोंतील अंतर म्हणजे अयनांश. चित्रा ताऱ्याचा आधार घेणाऱ्या चित्रापक्षाने धरले तर हे दोन्ही आरंभ इ. स. २८५च्या सुमारास एकाच जागी होते. तेव्हा जन्मलो असतो तर माझा रवि दोन्हीकडे एकाच राशीत निघाला असता. मी उशिरा जन्मलो आणि आता अंतर चोवीस अंशांचे झाले आहे. रूपयौवन, राजयोग, स्थैर्य, जे काही माझ्या वाट्याचे होते ते सगळे या फटीत पडले असावे, कारण दोन्ही पत्रिका समोर ठेवून पाहिल्या तरी प्रत्यक्षात ते कोठेच आढळत नाही.

याच फटीमुळे आपण संक्रांतीचा तिळगूळही उशिरा वाटतो. सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला आणि आपण गोड बोलू लागतो १४-१५ जानेवारीला. मधल्या तीन-साडेतीन आठवड्यांत आमच्या सोसायटीची वार्षिक सभा होते, हा योगायोग नसावा. सरकारनेही या बाबतीत कोणाला दुखावलेले नाही. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या समितीच्या शिफारशींवरून २२ मार्च १९५७पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे महिने सायन, आणि नक्षत्रांसाठी मात्र तेव्हाचा २३ अंश १५ कलांचा अयनांश. असा समंजसपणा मलाही चालला असता. कामाला सिंह आणि कर भरायला कन्या.

पण बाकाकडे परत जायला हवे, कारण आजोबांना माझी दया आली होती. ते माझ्याकडे झुकून हळू आवाजात म्हणाले, "घाबरू नका. हे सगळं दात्यांच्या पंचांगाप्रमाणे. आम्ही टिळक पंचांगवाले. लोकमान्यांनी रेवतीचा तारा धरला, ज्योतिषी केतकरांनी चित्रेचा. दाते चित्रेच्या बाजूचे. फरक चार अंशांचा. तुमचा चंद्र मेषेत अठ्ठाविसाव्या अंशावर, म्हणजे आमच्याकडे तो बत्तीस झाला. बत्तीस म्हणजे?"

"वृषभ!" मी जवळजवळ ओरडलो.

"साडेसाती नाही. माझंही अगदी असंच, काठावरचं. दात्यांनी पकडलं, लोकमान्यांनी सोडवलं."

मला स्वराज्याचा अर्थ त्या क्षणी खऱ्या अर्थाने कळला. मी बाईंकडे पाहिले. त्यांनी ऐकले होते, पण पर्स काही परत आली नाही. एवढ्यात, हिशेबखात्यातल्या माणसाला राहवत नसावे म्हणून, आजोबांनी पुढची ओळ जोडली: "अर्थात शनि पुढे मेषेत आला की वृषभेलाही लागतेच. तेवढी मुदत मिळाली म्हणायचं."

आत गुरुजींनी दोन्ही कागद पाहिले. मेलबर्नचा कागद त्यांनी पालथा करून त्यावर चहाचा कप ठेवला. परदेशी ग्रहांचे वावडे म्हणावे तर त्यांनी नव्याने मांडलेल्या माझ्या कुंडलीत ह, ने आणि प्लु ही अक्षरे होती. हर्षलने १७८१ साली शोधलेला युरेनस ग्रह आपण 'हर्षल' म्हणूनच घरात घेतला आहे आणि प्लुटोला २००६ साली ग्रहांच्या यादीतून कमी केले, तरी त्याचे नाव आपल्या हजेरीपटावर आहे. मग माझ्या सिंहेलाच ही वागणूक का? असे मी विचारले नाही. टिळक पंचांगाचा विषय मात्र काढला. गुरुजी शांतपणे म्हणाले, "पंचांग बदलून शनि बदलत नाही. दर शनिवारी मारुतीला तेल घाला." आणि अकराशे रुपये घेतले. मुहूर्ताचे पाचशे वेगळे, कारण तो दुसरा प्रश्न होता. बाराव्या स्थानाबाबत आजोबांचे वाचन अचूक होते, हे मान्य करावे लागेल.

भाचीला मी संदेश पाठवून माझी रास कळवली. तिचे उत्तर आले, की तिथे चंद्रराशीला कोणी एवढे विचारीत नाही, मुख्य सूर्य असतो, आणि सूर्याने तर मी सिंहच आहे. हे पत्नीला दाखविल्यावर ती म्हणाली, "मग तिकडेच जाऊन राहा. आणि येताना तेल आणा."

शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर चाळीस रुपयांची बाटली घेऊन मी रांगेत उभा राहिलो. रांग मोठी होती. अर्धे पुणे मेष, मीन आणि कुंभ राशींचे असावे. माझ्या पुढे चार माणसे सोडून कपाळावर चष्मा सरकवलेले एक डोके दिसले. मी हाक मारली. आजोबांनी वळून पाहिले, आणि हातातली तेलाची बाटली शक्य तितक्या सहजपणे कापडी पिशवीत सरकवली.

"आमच्याकडे नाहीये हो," ते म्हणाले. "पण हिनं सांगितलं, दात्यांचंही होऊन जाऊ दे."