नऊ बाटल्या कशाला?

परवा लेकीनं मोबाइल नाकासमोर धरला. "आई, हे करूया ना." कुठल्याशा कोरियन पदार्थाची रील होती. खाली साहित्याची यादी, चौदा जिन्नस, त्यात नऊ तर नुसत्या बाटल्या नि डबे. मी तोंडी हिशेब केला तर हजाराच्या वर गेला. म्हटलं, एवढ्यात आपला पंधरा दिवसांचा भाजीपाला येतो गं. तर म्हणते, "मग काय, जन्मभर भाकरीच खायची का?"

मला राग आला. भाकरीला बोलली म्हणून नाही, त्या रीलवाल्यांचा. गेली सहा-सात वर्षं मी सोलापुरात बसून आठवड्यातून दोनदा तरी इंडोनेशिया, जपान, कोरिया, चीनकडचं साधं घरगुती जेवण करते. बहुतेक सगळं शाकाहारी. कधीमधी अंडं, तेही सासूबाई गावी गेल्या की. आणि त्यासाठी मुद्दाम आणलेली बाटली माझ्या ओट्यावर एकच आहे, सोया सॉसची. बाकी सगळं मधल्या मारुतीजवळच्या किराणा दुकानात आणि लक्ष्मी मार्केटात मिळतं.

गाडीवरच्या चायनीजबद्दल मी बोलत नाहीये. ते आपलं स्वतंत्र खाणं आहे आणि पावसाळ्यात मलाही लागतं. पण गोबी मंचुरियन खाऊन चीनच्या घरात काय शिजतं ते कळत नाही, जसं हॉटेलातली पनीर बटर मसाला खाऊन आपल्या घरात काय शिजतं ते कळत नाही. घरचं जेवण जगात कुठंही थकून आलेल्या माणसानं तासाभरात रांधलेलं असतं. तिथं नऊ बाटल्या कोण उघडत बसणार?

माझी सुरुवात झाली ती शेंगाचटणीवरून. इंडोनेशियात गाडो-गाडो म्हणून एक पदार्थ आहे. उकडलेल्या भाज्या, मोड आलेले मूग, टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, आणि त्यावर शेंगदाण्याचा दाट रस्सा. तो रस्सा कसा करतात ते वाचलं आणि मी हसायलाच लागले. भाजलेले किंवा तळलेले शेंगदाणे, मिरची, लसूण, मीठ, चिंच, ताडगूळ. दगडी पाट्यावर वाटायचं. अहो, यातलं निम्मं आपल्या उखळात आधीच कुटून ठेवलंय! तेल सुटेपर्यंत कुटलेली आपली शेंगाचटणी तीन-चार चमचे घ्यायची, चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, चमचाभर सोया सॉस, आणि गरम पाण्यात सरसरीत करून दोन उकळ्या काढायच्या. झाला रस्सा. आपल्या चटणीत जिरं असतं, तिकडच्यात ते सहसा नसतं, एवढा फरक जिभेला कळतो. मला तर जिऱ्यासकटच आवडतो.

कोबी, फरसबी, बटाटा वेगवेगळे वाफवायचे. एकत्र टाकले की बटाटा शिजेपर्यंत कोबीचा गाळ होतो. काकडी कच्चीच. तिकडं वर कुरकुरीत पापडासारखं काहीतरी देतात, ते बऱ्याचदा कोळंबीचं असतं. मी कडक भाकरी चुरून घालते. तिकडच्या जावा बेटावरच्या माणसानं पाहिलं तर काय म्हणेल माहीत नाही, पण दुसऱ्यांदा मागेल एवढं नक्की.

आणि गंमत बघा. शेंगदाणा काय, मिरची काय, दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. १४९२ च्या आधी ते सोलापुरातही नव्हते आणि जावातही नव्हते. बाहेरून आलेले तेच दोन पाहुणे दोन्हीकडच्या बायकांनी कुटून आपलेसे केले. म्हणून "हे आपलं नाही" असं कुणी म्हटलं की मी आधी शेंगाचटणीकडे बोट दाखवते.

कोरियन जेवणाबद्दल लेकीचा समज असा की ते म्हणजे लाल तिखट नूडल्सचं पाकीट. मालिकांत तेच दिसतं ना. पण तिथल्या घरचं ताट बघितलं तर भात, पातळसं सूप आणि भोवती छोट्या वाट्यांतून चार प्रकार. त्या वाट्यांना बानचान म्हणतात. आता मला सांगा, आपल्या ताटाची डावी बाजू म्हणजे दुसरं काय आहे? चटणी, कोशिंबीर, लोणचं.

त्यातला पालकाचा प्रकार मी सगळ्यात जास्त करते. उकळत्या पाण्यात पालक अर्धा-एक मिनिट, लगेच गार पाण्यात, मग घट्ट पिळायचा. लसूण ठेचून, सोया सॉस, भाजलेले तीळ, तिळाचं तेल. संपलं. त्यांचं तेल भाजलेल्या तिळाचं असतं, आपल्याकडचं बहुधा कच्च्या तिळाचं, त्याला तो वास नाही. त्यावर उपाय सोपा आहे. तीळ खमंग भाजून अर्धे कुटून घालायचे. भोगीला बाजरीच्या भाकरीवर लावायला आणलेले तीळ फेब्रुवारीपर्यंत असे संपतात. पालकाचं पाणी मी फेकत नाही, तेच सुपाला. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात राहतो आपण, हे काय वेगळं सांगायचं.

सासूबाईंनी पहिल्यांदा हा पालक बघितला तेव्हा म्हणाल्या, "फोडणी घालायची राहिली का गं?" म्हटलं, अव्वा, याला फोडणी नसते. "मग ही भाजी कशी?" त्यांचंही खरंच होतं. आपल्याला फोडणीचा चर्र आवाज आल्याशिवाय स्वयंपाक झाल्यासारखं वाटत नाही. मलाही कित्येक महिने हात आवरावा लागला. जिरं-मोहरीच्या डब्याकडे आपोआप जायचा. हे जेवण शिकताना अवघड काय गेलं, तर एवढंच. साहित्य नाही, हात थांबवणं.

भाताला मात्र इंद्रायणी घ्या. कोलमचा मोकळा भात या जेवणाला नाही चालत, चिकट हवा.

टोफूवर जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथं उडतात. बार्शीकडे खरिपात शेतंच्या शेतं सोयाबीन. ते आपण तेलाला आणि पेंडीला घालवतो आणि त्याच्याच पावशेर टोफूला पॅकबंद डब्यात भरमसाट किंमत मोजतो. घरी करा. पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवा, सालं चोळून काढा. मिक्सरला वाटताना गार नाही, कडकडीत गरम पाणी घाला, सोयाबीनचा तो उग्र वास निम्म्यानं कमी होतो. फडक्यातून पिळून दूध काढा आणि जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात उकळायला ठेवा. मोठं म्हणजे खरंच मोठं, हे दूध म्हशीच्या दुधापेक्षा लबाड, पाठ वळली की उतू. उकळी आल्यावर दहा-बारा मिनिटं मंद आचेवर राहू द्या, कच्चं सोयाबीन पोटाला बाधतं. मग गॅस बंद करून दोन लिंबांचा रस पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला, हलक्या हातानं ढवळा. फाटलं की फडक्यात बांधून वर खलबत्ता ठेवा. तिकडं लिंबाऐवजी मिठागरातून निघणारा खार किंवा जिप्सम वापरतात, त्यांचा टोफू जास्त लुसलुशीत होतो. आपला थोडा दाणेदार, पनीरकडे झुकणारा. चालतंय.

उरलेला चोथा थालीपिठाच्या पिठात. तो कच्चाच असतो, म्हणून थालीपीठ झाकण ठेवून मंद भाजायचं. जपानी बायकाही हा चोथा टाकत नाहीत, त्याला ओकारा म्हणतात आणि त्याची भाजी करतात.

मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की आमच्याकडे रात्री गार टोफू असतो. फ्रिजमधून काढायचा, वर किसलेलं आलं, कांद्याची पात, सोया सॉस. जपानी लोक उन्हाळ्यात हेच खातात. गॅस पेटवायचा नाही, हे मला सगळ्यात मोठं सुख.

शाकाहारी मंडळींनी डोळे मात्र उघडे ठेवायचे. ऑयस्टर सॉस कालवांचा असतो. थाई-व्हिएतनामी पदार्थात फिश सॉस, जपानी सुपाच्या पाण्यात सुकवलेला मासा, किमचीत, म्हणजे कोरियन आंबवलेल्या कोबीत, बहुधा खारवलेली कोळंबी. पाकिटावर हिरवा ठिपका आहे का बघा, नुसतं "व्हेज चव" वाचून भुलू नका. पण चीन-जपानच्या बौद्ध मठांचा स्वयंपाक मांस-मासळीशिवाय चालतो, आणि त्यात कांदा-लसूणही वर्ज्य. आमच्याकडे कांदेनवमीनंतर चार महिने तेच असतं, त्यामुळे चातुर्मासात मला नव्या पाककृतींची चणचण पडत नाही.

एक गोष्ट सोलापूरकरांसाठी खास. भैया चौकातल्या डॉ. कोटणीसांच्या स्मारकावरून आपण शंभरदा गेलो असू. १९३८ मध्ये ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच वारले. ते ज्या उत्तर चीनमध्ये राहिले तिथलं रोजचं साधं अन्न म्हणजे राळ्याची पेज. हो, राळंच, भोगीला आपण ज्याचा भात करतो ते. पाण्यात मंद आचेवर घोटायचं, दाट झालं की खायचं, सोबत खारवलेली भाजी. सोलापूरचा माणूस हजारो मैल जाऊन ताटात बघतो तर राळं! त्यांना त्या वेळी घर आठवलं असेल का, असं मला दर भोगीला वाटतं. सासूबाईंना मागच्या महिन्यात ताप होता तेव्हा मी ही पेज लिंबाच्या लोणच्याबरोबर दिली. चीनची आहे हे सांगितलं नाही. अजूनही नाही सांगितलं.

आता माझी फजितीही लिहिते, नाहीतर म्हणाल हिला सगळंच येतं. गेल्या एप्रिलात लेकीच्या हट्टापायी किमची घातली. कोबी, लाल तिखट, आलं-लसूण, मीठ, कोळंबीच्या जागी सोया सॉस. कृतीत लिहिलं होतं, बाहेर दोन दिवस ठेवा. लिहिणाऱ्याच्या घरी पंधरा-वीस डिग्री असणार, आमच्या स्वयंपाकघरात सदतीस. बरणी गळ्यापर्यंत भरलेली आणि झाकण घट्ट. दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीनं झाकण फिरवलं आणि फस्सकन लाल पाणी भिंतीवर, कॅलेंडरवर, तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर. कुर्ता गेला. उरलेली किमची अतोनात आंबट झाली होती, ती भाकरीबरोबर चार दिवसांत संपली. कॅलेंडरवर एप्रिलची एकादशी अजून लाल ठिपक्याखाली आहे आणि सासूबाई तारीख बघायला गेल्या की माझ्याकडे एकदा बघतात.